९९ टक्के जुळलं, तरी स्पिशीजचं नाव लिहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पानाला अपाय न करता त्याच्या आत राहणारी (अंतर्वासी) बुरशी मिळवायला उष्णकटिबंधातल्या एका झाडाच्या निरोगी पानाचे तुकडे ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून बुरशी वाढवायच्या प्लेटवर ठेवले, पांढरी, बीजाणू न देणारी बुरशी आली, आणि तिच्या आयटीएस या डीएनए-भागाचा सिक्वेन्स (अक्षरक्रम) जीनबँक या सार्वजनिक संग्रहात 'कोलेटोट्रिकम ग्लोओस्पोरिऑइडिस'शी ९९ टक्के जुळला. हेच नाव प्रबंधात लिहू का?

नका लिहू. पण नावाआधी एक शंका: ती बुरशी पानाच्या आतलीच होती कशावरून? पानाच्या पृष्ठभागावरच्या बुरशी मारायला नुसतं अल्कोहोल पुरत नाही. अल्कोहोल, मग सोडियम हायपोक्लोराइट, परत अल्कोहोल आणि शेवटी निर्जंतुक पाणी, हा नेहमीचा क्रम. किती वेळ ठेवायचं ते पान किती जाड आहे त्यावर. मग धुतलेला तुकडा एका कोऱ्या प्लेटवर हलकेच दाबून उचलायचा. त्या ठशावर काही उगवलं तर तुमचं निर्जंतुकीकरण फसलं. मी सुरुवातीला ही चाचणी टाळली आणि पानाच्या पृष्ठभागावरची क्लॅडोस्पोरियम बुरशी 'अंतर्वासी' म्हणून तीन महिने जपली!

आता नाव. २०१२ साली आयटीएसला बुरशींचा सर्वसाधारण बारकोड (ओळख पटवणारा डीएनए-भाग) म्हणून सुचवलं गेलं, आणि जीनसपर्यंत तो बहुधा नीट पोचवतो. कोलेटोट्रिकम, डायापोर्थे, फ्युजेरियम या जीनसांत मात्र जवळच्या स्पिशीजचा आयटीएस जवळपास सारखाच निघतो. त्याच वर्षी ग्लोओस्पोरिऑइडिस समूहाची (त्याच्या जवळच्या स्पिशीजच्या गटाची) फेरमांडणी झाली, तेव्हा त्यात २२ स्पिशीज मान्य झाल्या. शिवाय जीनबँकेतलं नाव सिक्वेन्स जमा करणाऱ्यानं दिलेलं असतं. त्याचं चुकलं असेल तर तीच चूक तुमच्याकडे येते. म्हणून पहिल्या ओळीतला जुळणारा सिक्वेन्स बघून थांबू नका, टाइप कल्चरचे, म्हणजे ज्या नमुन्यावरून स्पिशीजला नाव दिलं त्याच्या वाणाचे सिक्वेन्स शोधा. जीएपीडीएच, बीटा-ट्यूब्युलिन आणि या समूहासाठी विशेष उपयोगी एपीमॅट या डीएनए-भागांचे सिक्वेन्स करून घ्या, टाइपसोबत वंशवृक्ष बांधा. तोवर 'ग्लोओस्पोरिऑइडिस कॉम्प्लेक्स' (म्हणजे तो समूह) एवढंच लिहा. परीक्षकाला ते कमी वाटलं तरी चालेल, खोटं तरी नाही.

बीजाणूंवरूनही ओळखायला मदत होते, तेव्हा त्यांचा नाद इतक्यात सोडू नका. साध्या वॉटर अगारवर त्याच झाडाच्या पानाचे ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक केलेले) तुकडे ठेवून त्यावर बुरशी लावा, १२ तास ब्लॅकलाइट (अतिनीलजवळचा प्रकाश), १२ तास अंधार. कोलेटोट्रिकम असेल तर बीजाणूंचे केशरी-गुलाबी चिकट पुंजके दिसण्याची बरीच शक्यता. झायलेरिया ही बुरशी मात्र प्लेटवर अनेकदा शेवटपर्यंत बीजाणू देत नाही, तिथे डीएनएवरच भिस्त.

आणि रंगरूपावरून ढीग करताना जपून. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर दोन जातींच्या झाडांच्या ८३ पानांतून अंतर्वासी बुरशींचे ४१८ रूपप्रकार (रंगरूपावरून वेगळे मानलेले गट) मिळाले होते (हे काम २००० साली प्रसिद्ध झालं). डीएनएचा आधार घेतल्यावर अंदाज ३४७वर आला, म्हणजे एकच बुरशी वेगवेगळ्या रूपांत मोजली गेली होती. त्यातले ५९ टक्के रूपप्रकार एकेकदाच सापडले होते. तेव्हा तुमच्याकडे एकदाच आलेली प्लेट 'प्रदूषण' म्हणून फेकायची घाई करू नका. आधी तिच्या तुकड्याचा ठसा कोरा होता का ते बघा. हळू वाढणाऱ्या बुरशींना जलद वाढणाऱ्या गिळून टाकतात, म्हणून तुकडे छोटे, साधारण दोन मिलिमीटरचे कापा, एकमेकांपासून लांब ठेवा आणि प्लेटा निदान सहा आठवडे राखा.

ठशाची चाचणी केली होती का, तेवढं आधी कळवा. नसेल, तर सिक्वेन्सिंगचे पैसे इतक्यात खर्च करू नका.