होनोलुलू ते ग्वाम विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर सुमारे ६,१०० किमी. थेट विमानाला होनोलुलूहून ग्वामला जाताना साधारण पावणेआठ ते आठ तास आणि परत येताना सात तासांच्या आसपास लागतात. फरक वाऱ्याचा: त्या उंचीवर वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात.

खरा घोळ होतो तो तारखेचा. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे आणि ग्वामचं घड्याळ होनोलुलूच्या २० तास पुढे. सोमवारी दुपारी ३ ला निघालात तर मंगळवारी संध्याकाळी ७ च्या सुमारास उतराल. उलट, मंगळवारी सकाळी ७ ला ग्वामहून निघालात तर होनोलुलूत सोमवारची संध्याकाळ असेल, म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी पोहोचाल! हॉटेल बुक करताना तिकिटावरची उतरण्याची तारीखच धरा, मनात हिशेब करत बसू नका.

एक मात्र तपासा: तिकीट थेट विमानाचंच आहे ना. याच मार्गावर युनायटेड एअरलाइन्सचं ‘आयलंड हॉपर’ही आहे. ते वाटेतल्या बेटांवर, म्हणजे माजुरो, क्वाजालेन, कोसराय, पोनपेई, चुउक (Chuuk) असे थांबे घेत जातं (कोसराय काही दिवशी वगळतात) आणि १४ तासांहून जास्त खातं. क्वाजालेन हा अमेरिकी लष्करी तळ असल्यामुळे तिथे साध्या प्रवाशाला खालीही उतरता येत नाही.