पोलिसांना दिलेला जबाब साक्षीदाराने कोर्टात फिरवला, तर तो जुना जबाब पुरावा धरतात का?

नाही, पोलीस जबाबाच्या आधारे गुन्हा सिद्ध होत नाही. त्याने फक्त साक्षीदार किती विश्वासार्ह आहे हे तपासता येते. ही मर्यादा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ने (जुने १६२) घातली आहे, तर वापरायची रीत साक्ष अधिनियमाच्या कलम १४८मध्ये (जुने १४५) आहे. उलटतपासणीत जबाबातला नेमका विसंगत भाग साक्षीदाराच्या नजरेस आणायचा. ‘मी असे सांगितले नाही’ म्हणाला, तर त्या भागावर ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण करून घ्यायची आणि पुढे तपास अधिकाऱ्याच्या तोंडून तो भाग सिद्ध करायचा. निशाणी क्रमांक (न्यायालय पुराव्याला देते तो एक्झिबिट क्रमांक) त्यानंतरच. चूक होते ती इथेच: तपास अधिकाऱ्याला तो प्रश्न विचारायचा राहतो आणि उत्तम विसंगती अंतिम युक्तिवादात निरुपयोगी ठरते. जबाबात महत्त्वाची गोष्ट गाळलेली असणे हीदेखील विसंगती ठरू शकते. किरकोळ तपशील नव्हे. फितूर झालेल्या आपल्याच साक्षीदाराविरुद्ध सरकारी वकिलांना हे करायचे असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते. मृत्युपूर्व जबाबाला मात्र हे बंधन नाही, तो स्वतःच पुरावा असतो.