मित्रकीटक वाढवायचे तर आधी शत्रू पोसावा लागतो

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लेक टीवायला, विषय प्राणिशास्त्र. पिकांवरच्या किडी दुसऱ्या किड्यांकडून आटोक्यात आणायच्या, या संशोधनात तिला जायचंय. ‘डोंबिवलीत राहून शेतातले किडे कशाला?’ असं घरचे म्हणतायत. मी या कामात तीसेक वर्षं काढली, आता मुलुंडला निवृत्त आहे. उत्तर जरा लांबेल.

करिअर आहे. फक्त शेतात मित्रकीटक सोडतोय आणि शेतकरी कौतुकाने बघतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे असेल, तर तसे दिवस वर्षातून मोजकेच. बाकी वर्षभर आपण शत्रूच पोसत असतो. ट्रायकोग्रामाचंच घ्या. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ही गांधीलमाशी उसाच्या खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि त्यातून अळीऐवजी हिचीच पिल्लं बाहेर पडतात. पण तिला वाढवायला रोज ताजी अंडी हवीत. ती देतो कॉर्सिरा नावाचा पतंग, म्हणजे आपल्या तांदळाच्या डब्यात जाळी करणारी अळी असते ना, तीच. ट्रेमध्ये ज्वारीचा भरडा, थोडा शेंगदाण्याचा कूट, यीस्ट. साधारण दीड महिन्याने पतंग निघतात. अंडी चाळायची, अतिनील दिव्याखाली ठेवायची (नाहीतर त्यातून अळ्या निघून बाकीची अंडी फस्त करतात), डिंक लावलेल्या कार्डावर भुरभुरायची आणि मग त्यावर ट्रायकोग्रामा सोडायच्या. एका कार्डावर 18 ते 20 हजार अंडी. चौथ्या दिवशी ती काळी पडली की जीव भांड्यात पडतो. त्यानंतर तीन-चार दिवसांत कार्ड शेतात पोचलं नाही, तर माश्या पाकिटातच निघून मरतात.

पतंगांच्या पंखांचा भुगा खोलीत पिठासारखा तरंगतो. मी पहिली काही वर्षं मास्क लावला नाही, आता खिशात इन्हेलर असतो. लेकीला बाकी काही सांगा न सांगा, हे सांगा.

एकदा सोमवारी सकाळी खोली उघडली, तर ट्रेमधल्या अळ्या लुळ्या पडलेल्या. जाळीला बोटभर फट होती, तिथून ब्रॅकॉन शिरला होता, म्हणजे अळ्यांना डंख मारून लुळं करणारी दुसरी एक छोटी गांधीलमाशी. गंमत म्हणजे तोही मित्रकीटकच! नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीवर त्याच्याच भाऊबंदाला आम्ही मुद्दाम सोडतो. चाळीस ट्रे जाळावे लागले, दोन महिन्यांची कार्डं बुडाली. कार्डांची वाट बघणाऱ्या साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला फोनवर हे समजावलं, तर तो म्हणाला, “म्हणजे साहेब, घरचाच चोर.”

मग यात पडायचं कशासाठी? पपईवरचा पिठ्या ढेकूण (पांढरं पीठ माखल्यासारखी दिसणारी, झाडाचा रस शोषणारी कीड) 2008 मध्ये कोइमतूरकडे दिसला आणि बघता बघता महाराष्ट्रापर्यंत पोचला. फवारण्यांनी तो हटेना. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून या ढेकणावरच वाढणारी ॲसेरोफॅगस पपायी ही चिमुकली गांधीलमाशी आणली, बंगळुरूच्या संस्थेत विलगीकरणात तपासली, वाढवली आणि सोडली. काही महिन्यांत बागा सावरल्या. आज पपई घेताना कुणाला हे आठवतही नाही.

परदेशी किडा आणणं मात्र पोरखेळ नव्हे. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये आणला, पुढे तो सूर्यफुलावर दिसला आणि मोठा वाद झाला. म्हणून सोडण्याआधी त्याला उपाशी ठेवून एकेक पीक समोर मांडायचं, कशाला तोंड लावतो ते बघायचं. खरं संशोधन मला तरी तिथंच वाटतं. ज्याला आठवडाभर एकाच पिंजऱ्याकडे बघून कंटाळा येतो, त्याने दुसरं काही शोधावं.

शिक्षणाचं थोडक्यात. बहुतेक कृषी विद्यापीठं कीटकशास्त्राच्या एमएस्सीला कृषी पदवी मागतात, त्यामुळे दापोली-राहुरीचा रस्ता तिला अवघड. प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना कीटकशास्त्र हा विशेष विषय घ्यावा. मग प्रकल्पावरची कंत्राटी पदं, पीएचडी, वैज्ञानिक पदाची परीक्षा. कंत्राटी वर्षांत पगार तुटपुंजा, हे आधीच धरून चाला. खाजगी जैविक प्रयोगशाळाही आहेत, तिथे माल वेळेत काढण्याचं दडपण जास्त. आणि मुंबईत काही नाही असं नाही. डासांच्या अळ्या खायला पालिका विहिरी-टाक्यांत गप्पी मासे सोडते, तेही हेच शास्त्र.

निर्णयाआधी एक करा. गॅलरीतल्या जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला की औषध मारू नका. भिंग घेऊन तिला महिनाभर बसू द्या. त्यात एखादी जरा मोठी, पांढऱ्या झिपऱ्यांची अळी दिसली, तर ती ढेकूण नसेल, ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलीमस भुंग्याचं पिल्लू असेल. शिकारी असून सावजासारखाच दिसतो, म्हणून लोक पहिल्यांदा त्यालाच चिरडतात. काडीने डिवचायचं. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, हे पिल्लू तुरुतुरु पळतं.