वाचकांचे प्रश्न : शेफिल्डचा जुना क्लब

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ कित्येक पिढ्या चालत आले आहेत, त्यामुळे जुन्या क्लबांविषयी आम्हांला कुतूहल आहे. जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब इंग्लंडमधील शेफिल्ड शहराचा, असे वाचनात आले. तो शेफिल्ड युनायटेड की शेफिल्ड वेन्सडे? आणि इतका जुना असूनही प्रीमियर लीगमध्ये त्याचे नाव कसे ऐकू येत नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या दोहोंपैकी एकही नाही. वेन्सडेचा फुटबॉल संघ १८६७ मध्ये निघाला आणि युनायटेड १८८९ मध्ये. आपण विचारता तो क्लब ‘शेफिल्ड फुटबॉल क्लब’ एवढ्याच साध्या नावाचा असून नॅथॅनिएल क्रेस्विक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी तो २४ ऑक्टोबर १८५७ रोजी स्थापन केला. एडिंबरामध्ये १८२४ सालीच फुटबॉलसाठी एक मंडळ निघाले होते, परंतु ते १८४१ मध्ये बंद पडले. म्हणून आजवर चालू असलेल्या क्लबांमध्ये जुनेपणाचा मान शेफिल्डकडे जातो.

सुरुवातीला या क्लबाचे कार्यालय एका बंगल्याच्या आवारातील काचघरात होते आणि खेळ शेजारच्या शेतात चाले. सामना खेळायला दुसरा क्लबच नसल्याने सभासद आपापसांतच दोन बाजू पाडत : कधी विवाहित विरुद्ध अविवाहित, तर कधी आडनावाच्या आद्याक्षरावरून वर्णमालेचा पूर्वार्ध विरुद्ध उत्तरार्ध. पुढे १८६० मध्ये जवळच्या हॅलम गावाने आपला क्लब काढला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला सँडिगेट येथे या दोन क्लबांचा सामना झाला. तो शेफिल्डने दोन गोलांनी जिंकला. दोन वेगळ्या क्लबांमधील पहिला सामना म्हणून तो ओळखला जातो, आणि विशेष म्हणजे हॅलमचा संघ आजही त्याच सँडिगेटच्या मैदानावर खेळतो.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण या क्लबाचा खरा इतिहास तेथेच आहे. इंग्लंडमधील फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) जुलै १८८५ मध्ये खेळाडूंना मोबदला देण्यास मान्यता दिली. गिरण्या-कारखान्यांच्या शहरांतील क्लब पैसे देऊन चांगले खेळाडू आणू लागले, तिकिटे लावून गर्दी खेचू लागले आणि १८८८ मध्ये अशा बारा क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली. शेफिल्ड क्लबाने मात्र हौशी राहण्याचे ठरवले, आणि ज्या खेळाला आपण आकार दिला त्याच खेळात व्यावसायिक संघांकडून मोठ्या फरकाने हरण्याची वेळ त्याच्यावर आली. तरीही त्याने भूमिका सोडली नाही; केवळ हौशी संघांसाठी वेगळी स्पर्धा असावी अशी सूचना त्याने असोसिएशनला केली, त्यातून एफए अमॅच्युअर कप उभा राहिला आणि १९०४ मध्ये तो शेफिल्डनेच जिंकला. या निर्णयाला हट्ट म्हणणारे पुष्कळ आहेत, परंतु मला तो आदरास पात्र वाटतो. ज्यांनी सभासदांच्या वर्गणीवर आणि खेळाच्या आवडीवर क्लब चालवला, त्यांना खेळाडू विकत घेणे हा आपला क्लब मोडून दुसराच काढण्यासारखा प्रकार वाटला असेल, तर त्यात नवल नाही. त्याची किंमतही त्यांनी पूर्ण मोजली. स्वतःच्या मालकीचे मैदान या क्लबाला २००१ मध्ये मिळाले, तेही शेफिल्ड शहराच्या हद्दीबाहेर, डर्बीशायरमधील ड्रॉनफिल्ड या गावी. हा संघ आज प्रीमियर लीगच्या कित्येक पायऱ्या खाली, स्थानिक प्रेक्षकांसमोर खेळतो.

प्रश्न : या क्लबाने स्वतःचे नियम केले होते म्हणतात. ते आजच्या नियमांपेक्षा किती वेगळे होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बरेच वेगळे होते. १८५८ मध्ये ठरलेल्या या अकरा नियमांनुसार चेंडू हाताने ढकलता किंवा मारता येत असे, मात्र तो धरून ठेवण्यास मनाई होती. चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वी नीट झेलला, तर झेलणाऱ्याला फ्री किक मिळे. ऑफसाइडचा, म्हणजे प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या पुढे आधीच जाऊन उभे राहण्यास आळा घालणारा, नियमच नव्हता. प्रतिस्पर्ध्याला हाताने रेटण्याची मुभा होती, परंतु नडगीवर लाथ मारणे किंवा पाय अडकवून पाडणे कोणत्याही परिस्थितीत चालत नसे. त्या काळी इंग्लंडमधील काही नामांकित शाळांत नडगीवर लाथा मारणे हे मर्दुमकीचे लक्षण मानले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या एका कलमाचे मोल कळते. शेवटचा नियम पोशाखाचा होता : प्रत्येक खेळाडूने लाल आणि गडद निळी अशा दोन फ्लॅनेलच्या टोप्या बाळगाव्यात आणि आपल्या बाजूच्या रंगाची टोपी घालावी.

आज आपण गृहीत धरतो अशा काही गोष्टी शेफिल्डच्या मैदानांवर आधी रुजल्या. कॉर्नर किक तेथे आधीच सुरू होती, लंडनच्या असोसिएशनने ती १८७२ मध्ये स्वीकारली. गोलच्या खांबांवर घट्ट आडवी दांडी बसवण्याची रीतही शेफिल्डकडचीच. १८७७ मध्ये शेफिल्डची आणि असोसिएशनची अशा दोन्ही नियमावल्या एक झाल्या आणि शेफिल्डचे स्वतंत्र नियम संपले.

त्या नियमांचे हस्तलिखित आणि छापील पुस्तिका क्लबाने जिवापाड जपली होती. जुलै २०११ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात क्लबाच्या जुन्या कागदपत्रांसह त्यांचा लिलाव झाला आणि ८,८१,२५० पौंड मिळाले. तो पैसा क्लबाच्या पुढील वाढीसाठी हवा होता. असा ठेवा हातचा जाऊ देण्यापूर्वी त्या शहराने किंवा श्रीमंत झालेल्या फुटबॉल जगताने या क्लबाला हात द्यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. फिफाने २००४ मध्ये आपला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान ज्या दोनच क्लबांना दिला, त्यांपैकी एक रेआल माद्रिद होता आणि दुसरा हा शेफिल्डचा क्लब.