रात्रीचं माणूस ठेवायचंय, पण परवडणार कसं?

मागच्या वेळी घरातल्या आजारपणाबद्दल लिहिलं आणि त्यावर पत्रं आली ती जवळजवळ सगळी रात्रीबद्दल. दिवसाचं कसंही निभतं हो ताई, रात्रीचं काय करायचं, आणि रात्रीच्या माणसाचे पैसे ऐकले की पोटात गोळा येतो, असा एकंदर सूर. मी बरीच वर्षं वॉर्डात नाइट केल्यात आणि नंतर घरी सासूबाईंच्याही, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार माहितीय. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, काही निवडलीत, नावगाव काढून टाकलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. आई ८१ वर्षांची आहे, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते पण रात्री बाथरूमला तीन-चार वेळा उठते आणि प्रत्येक वेळी मला धडकी भरते. रात्रीसाठी बाई ठेवावी म्हणून घरी माणसं पुरवणाऱ्या तीन ब्यूरोंना फोन केले तर तिघांनी तीन रेट सांगितले, एकाचा तर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. यातला खरा रेट कुठला? आणि स्वस्तातला घेतला तर फसू का?

तिन्ही खरे असतील, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी विकतायत आणि फोनवर तिघंही त्याला 'नाइट ड्यूटी'च म्हणतात. एक असते झोपून सोबत, म्हणजे बाई खोलीत झोपणार, हाक मारली तर उठणार, रात्रीतून एकदा-दोनदा उठवलं तर तिची हरकत नाही. दुसरी जागी ड्यूटी, तिने रात्रभर डोळा लावायचा नाही. आणि तिसरी सिस्टर, म्हणजे नाकातली नळी, सक्शन (मशीनने कफ ओढून काढणं), इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी), जखमेचं ड्रेसिंग असलं काही असेल तर लागणारं ट्रेन्ड माणूस. दर पायरीला रेट चढतो. तुम्ही काय मागितलंत ते समोरच्याने आपापल्या परीने समजून घेतलं आणि रेट सांगितला, इतकंच झालंय.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की रेट विचारायच्या आधी आपली रात्र मोजा. तीन रात्री उशाशी वही ठेवा. किती वाजता उठल्या, कशासाठी, किती वेळ गेला, नुसता हात धरावा लागला की अंगाचा भार घ्यावा लागला, बस, एवढंच लिहायचं. अर्धवट झोपेत आपल्याला वाटतं रात्रभर चाललंय, आणि वही बघितली की कळतं सगळी उठबस एक ते चारच्या मधे आहे किंवा खरं तर झोपताना आणि पहाटे अशा दोनच जागा आहेत. दोनच असतील तर बारा तासांचं माणूस कशाला, रात्री झोपवून देणारं आणि पहाटे येणारं कुणी मिळतंय का बघा, काही ठिकाणी तासांवर येतात. आणि चार वेळा भार घ्यावा लागत असेल तर झोपून सोबत घेऊ नका, स्वस्त म्हणून घ्याल आणि आठवड्यात ती बाई सोडून जाईल.

दुसरं, त्या चार वेळांच्या दोन होतात का ते बघा, कारण प्रत्येक कमी झालेली वेळ म्हणजे सरळ पैसे वाचले. म्हाताऱ्या माणसांच्या पायावर दिवसभर सूज साठते आणि रात्री आडवं झालं की तेच पाणी परत रक्तात येऊन लघवीवाटे निघतं, त्यामुळे दुपारी तासभर पाय उशीवर वर घेऊन पडलं तरी बऱ्याच जणांना फरक पडतो. बीपीची किंवा सुजेची म्हणून लघवी होणारी गोळी असेल तर ती कधी घेतात ते डॉक्टरांना जरूर विचारा, संध्याकाळी चालू असेल तर सकाळी हलवता येते का, स्वतःहून हलवू नका. पाणी मात्र दिवसभराचं तोडू नका, काही लोक तेच करतात आणि मग बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, चक्कर असं सगळं मागे लागतं, फक्त झोपायच्या आधी दोनेक तास घोटभरच. आणि कमोडची खुर्ची पलंगाला चिकटून ठेवा. आई म्हणेल खोलीत नको, लाज वाटते, सगळ्याच म्हणतात. पण पडायची भीती असते ती पलंग ते बाथरूम या अंधारातल्या चालण्यात. उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं, बीपी एकदम उतरून चक्कर येते ती याच वेळी. झोपेची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला, रात्रीच्या पडण्यात तिचा हात मोठा असतो.

एवढं करून मग ब्यूरोला फोन करा आणि असं विचारा: रात्री दोनदा उठवायचंय, हात धरून खुर्चीवर बसवायचंय, नळी-इंजेक्शन काही नाही, याचा रेट काय, तिची सुट्टी कधी, सुट्टीच्या रात्री बदली कोण देणार आणि बदलीचा रेट तोच का, सणावाराला जास्त लावता का, डिपॉझिट किती आणि परत मिळतं का, बाई पटली नाही तर बदलून किती दिवसांत देता. डिपॉझिट, बदली आणि सणाचे जादा पैसे धरून महिन्याचा आकडा काढा, कारण फोनवरचा एका रात्रीचा रेट नेहमीच गोड असतो. त्यात डायपर, अंडरपॅड, ग्लोव्ह्ज तुमचेच, तेही मिळवा.

प्रश्न: वडिलांना डिमेन्शिया आहे, रात्री उठून दार उघडायला जातात. रात्रीचा अटेंडंट ठेवलाय, जागं राहायचे पूर्ण पैसे देतो, पण कॅमेऱ्यात बघितलं तर तीन वाजता गाढ झोपलेला. पैसे कापू का?

कापा पण त्याआधी मला सांगा तो महिन्यात किती रात्री करतो? पत्रात लिहिलंय "रोज". रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे बारा तास, सात रात्रींचे ८४ तास झाले. आठ तासांची नोकरी सहा दिवस करणारा ४८ तास करतो. म्हणजे तुम्ही जवळजवळ दोन माणसांचं काम एकाकडून घेताय, तेही रात्री, आणि तो दिवसा दुसरीकडे कुठे काम करत असेल तर मग बघायलाच नको. सातही रात्री जागणारा एकच माणूस अशी गोष्ट मी तरी बघितलेली नाही, ज्याला कुणाला मिळाली असेल त्याने कॅमेरा लावून बघावं. जागी ड्यूटी खरंच हवी असेल तर आठवड्याला दोन माणसं लागतात, चार रात्री एक, तीन रात्री एक. एकूण खर्च साधारण तोच राहतो कारण रात्री तेवढ्याच, फक्त फोन दोघांचे सांभाळावे लागतात.

पण तुमच्याकडे जागी ड्यूटी लागतेच का? वडील चालते-फिरते आहेत, पडत नाहीत, अडचण दाराची आहे. मग दाराला उघडलं की वाजणारा अलार्म लावा, पलंगाच्या बाजूला पाय पडला की घंटी वाजणारी मॅट मिळते ती टाका, आणि मग झोपून सोबत पुरेल, अलार्म त्याला उठवेल. वस्तूंचा खर्च एकदाच होतो, माणसाचा दर महिन्याला. त्यांना बांधायचं वगैरे अजिबात मनात आणू नका, आणि पलंगाला कठडे लावले की सुरक्षित असंही समजू नका, गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरतो आणि जास्त उंचीवरून पडतो. त्यापेक्षा पलंग खाली घ्या. दिवसा दुपारी तीन-तीन तास झोपत असतील तर ते आधी कमी करा, सकाळी उजेडात बसवा, थोडं चालवा, रात्र सुधारते. पूर्ण नाही सुधारत, पण सुधारते.

अजून एक, आणि हे डिमेन्शिया असलेल्या प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावं. बरा चाललेला माणूस दोन-तीन दिवसांत एकदम बिथरला, रात्रभर बडबड, ओळख पटेना, तर ते आजार वाढला म्हणून जादा माणूस शोधायचं काम नाही, डॉक्टरकडे न्यायचं काम आहे. युरिन इन्फेक्शन, पोट साफ नसणं, लघवी तुंबणं, नवीन गोळी, कुठेतरी दुखतंय आणि सांगता येत नाही, यातलं काहीही निघतं. उपचार झाले की रात्री बऱ्याचदा पूर्वीसारख्या होतात आणि तुम्ही मात्र जादाच्या माणसाचे महिन्याचे ॲडव्हान्स देऊन बसलेले असता.

प्रश्न: मेडिक्लेममधून रात्रीच्या बाईचे पैसे मिळतात का?

सहसा नाही. आरोग्य विमा उपचाराचे पैसे देतो, उठवणं-बसवणं-पुसणं याला तो उपचार मानत नाही. घरी राहून उपचार असं कलम काही पॉलिसींत असतं पण ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उपचारापुरतं. दीर्घकालीन देखभालीचा विमा ही वेगळी वस्तू आहे, जिथे मिळतो तिथे आंघोळ, कपडे, जेवणं, संडास, उठून बसणं, लघवी-शौचावर ताबा या सहांपैकी बहुतेक वेळा दोन गोष्टी स्वतःला जमत नाहीत असं दाखवावं लागतं आणि सुरुवातीचे काही दिवस पदरचेच जातात. आजारपण आल्यावर तो सहसा घेता येत नाही, त्यामुळे हा मुद्दा आत्ता आजारी असलेल्या माणसासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

प्रश्न: आम्ही तीन भावंडं. सासूबाई आमच्याकडे असतात म्हणून सगळ्या रात्री माझ्याच, दीर-नणंद म्हणतात तू घरीच असतेस, बाईवर खर्च कशाला. दोन वर्षं झाली मी सलग झोपलेले नाही. कसं बोलू?

(आम्ही तीन भावंडं म्हणजे नवऱ्याची तीन असं मी धरतेय.)

रडून बोलू नका, आकड्यात बोला. तुमच्या गावात झोपून सोबतीचा रेट काय आहे तो काढा, त्याला तीसने गुणा, तो कागद तिघांच्या मधे ठेवा. हा खर्च आत्ताही होतोय, फक्त तो तुमच्या झोपेतून जातोय म्हणून कुणाच्या पासबुकात दिसत नाही. तुम्हाला पगार द्या असं म्हणू नका, तिथे गाडी मानापमानावर जाते आणि मूळ विषय बाजूला पडतो. असं म्हणा की पाच रात्री मी बघते, दोन रात्री बाई ठेवू, त्या दोन रात्रींचे पैसे तुम्ही दोघांनी द्यायचे. ज्याला पैसे द्यायचे नसतील त्याने स्वतः येऊन झोपायचं, तेही चालेल. माझा अनुभव असा की एकदा येऊन झोपलेला माणूस दुसऱ्या वेळी पैसे देतो!

दोन रात्री कमी वाटतील पण आठवड्यात दोन रात्री सलग झोप मिळाली की माणूस माणसात येतो. आणि त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून, जमलं तर दुसऱ्या घरी झोपा. नाहीतर बाईही जागी, तुम्हीही जाग्या, आणि पैसे गेले ते गेलेच. कोण किती देणार आणि किती तारखेला, हे फॅमिली ग्रुपवर लिहून ठेवा, तोंडी ठरलेलं दोन महिन्यांत विरतं. सासूबाईंचे स्वतःचे पैसे, पेन्शन काही असेल तर पहिला खर्च त्यातून व्हायला हवा, हे कुणी बोलत नाही कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला वाटेल याचा डोळा त्यावर आहे. बोला.

प्रश्न: मी स्वतः रात्रपाळी करते, माझ्या मुलीने हे पत्र लिहून दिलंय. ब्यूरोने झोपून सोबत म्हणून पाठवलं पण आजी दर दोन तासांनी कूस बदलायला लागतात, पाठीला जखम आहे. सकाळी घरचे म्हणतात जाता जाता भांडी आवरून जा. रात्री मोबाईल बघितला म्हणूनही बोलणी खाल्ली. पैसे वाढवून मागू का, का कामच सोडू?

मावशी, आधी मागा. तुमचं काम झोपून सोबतीचं राहिलेलंच नाही, दर दोन तासांनी कूस म्हणजे ती जागी ड्यूटी झाली आणि रेट त्याचाच हवा. मालकांना सरळ सांगा की वही ठेवते, किती वाजता कुठल्या कुशीवर केलं ते लिहिते, आठवडाभराने तुम्हीच बघा आणि ठरवा. ब्यूरोलाही तेच कळवा, कारण तुमचा रेट वाढला की त्यांचं कमिशनही वाढतं, ते सहसा नाही म्हणत नाहीत. झोपलेल्या तासांचे पैसे द्यायचे की नाही यावरून जगभर वाद आहेत, ब्रिटनमध्ये तर हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये निकाल लागला की झोपायची परवानगी असलेल्या ड्यूटीत किमान वेतन फक्त जागं राहून काम केलेल्या वेळेला लागू. मला तो निकाल पटलेला नाही, हाकेच्या टप्प्यात राहून झोपणं ही काही आपल्या घरची झोप नव्हे. पण त्यातूनही एवढं निघतं की जागलेल्या तासांचा हिशोब कामाचाच, आणि तुम्ही तर दर दोन तासांनी उठताय.

हे वाचणाऱ्या घरच्या लोकांसाठी: ज्या आजींना बेडसोर, म्हणजे पडून राहून झालेली जखम, आहे त्यांच्यासाठी हवा भरणारी गादी घ्या, भाड्यानेही मिळते. ती असली की कूस किती वेळाने बदलायची ते डॉक्टर नाहीतर सिस्टर जखम बघून सांगतील, काही वेळा मधला वेळ वाढवता येतो. बदलावी मात्र लागतेच, गादी आणली म्हणून सुटका नाही. आणि बारा तास जागलेल्या बाईला सकाळी भांड्यांना लावू नका. भांड्याचं काम वेगळं, त्याचे पैसे वेगळे, आणि ती नाही म्हणाली तर नाही. बाई टिकली तर खर्च टिकतो, दर महिन्याला नवीन माणूस आणायचं तर परत डिपॉझिट, परत चार रात्री शिकवण्यात जातात आणि त्या चार रात्री घरचं कुणीतरी जागतंच.

मोबाईलचं म्हणाल तर रात्री जागं राहायला काहीतरी लागतं, मीही वॉर्डात विणकाम करायचे आणि मेट्रन आली की सुया ॲप्रनच्या खिशात. आवाज बंद, उजेड कमी, तोंड आजींकडे करून बसा, आणि हे पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगून टाका. दोनचा आणि चारचा गजर त्याच मोबाईलवर लावलाय हेही दाखवा.