एका दिवसापुरता सायलेन्सर बदलावा का?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका वाचकाने पत्र पाठवलंय. वय 31, आयटीत नोकरी, महिन्याला हातात 3,100 पौंड. गेल्या सप्टेंबरात त्यांनी 8,500 पौंडांना 2014 ची टोयोटा जीटी86 घेतली. आधीच्या मालकाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणारा भाग (थोडक्यात ‘कॅट’), काढून तिथे सरळ पाइप टाकलाय आणि मागे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलाय. एमओटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, तीन आठवड्यांवर आलीय आणि गॅरेजवाल्याने सांगितलंय की गाडी अशी पास होणार नाही. मान्यताप्राप्त कॅट बसवायला तो मजुरीसकट 1,000 पौंड मागतोय. ओळखीतला एक जण दरवर्षी एका दिवसासाठी कॅटवाला पाइप 100 पौंडांना द्यायला तयार आहे, वर चढवण्या-उतरवण्याची मजुरी 240. डीलर गाडी आहे तशी 6,300 ला घेतो म्हणतोय. यातलं काय करावं, आणि पैसे लाइफटाइम आयसातून (घरासाठी किंवा म्हातारपणासाठी साठवायचं, सरकार वर बोनस देतं ते बचत खातं) काढावेत का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

आधी गाडीबद्दल मनापासून अभिनंदन. सांगलीत शाळेच्या वहीत ज्या गाड्यांची चित्रं काढत होतात, तशी एक स्वतःच्या कमाईतून घेतलीत. ती विका असं मी सांगणार नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच आहे, पण या हौसेच्या शेपटीला एक खर्च लटकलाय आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तो विम्याचा.

आधी एमओटीचं पाहू. पुण्याच्या पीयूसीसारखं दोन मिनिटांत उरकेल असं तुम्ही धरून चालला होतात, तसं इथे नाही. तपासणीची फी जास्तीत जास्त 54.85 पौंड, म्हणजे खर्चात ती किरकोळच. पण कंपनीतून कॅट लावून आलेल्या गाडीचा कॅट गायब दिसला, की थेट ‘मेजर’ दोष, म्हणजे नापास. त्याशिवाय धुराची चाचणी होते: मागच्या पाइपात नळी घालून इंजिन मिनिटाला 2,500 ते 3,000 फेऱ्यांवर धरतात, आणि तुमच्या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड साधारण 0.2 टक्क्यांच्या आत लागतो. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा सतत पेटलेला असतो असं लिहिलंय तुम्ही. कॅटमधून धूर बाहेर पडतो त्या बाजूचा सेन्सर धूर साफ झाला का हे बघत असतो, आणि कॅटच नसल्यामुळे तो तक्रार करतोय. जुलै 2003 नंतरच्या पेट्रोल गाडीत नुसता तो दिवा पेटलेला असला तरी गाडी नापास होते. आवाजाला मात्र मीटर लावत नाहीत. तशाच गाडीच्या मूळ सायलेन्सरपेक्षा आवाज अवाजवी वाटतो का, हे तपासणाऱ्याच्या कानावर असतं.

आता भाड्याचा पाइप. वर्षाला 340, तीन वर्षांचे 1,020. म्हणजे तीन वर्षांत कायमच्या कॅटचे पैसे गेलेच, आणि चौथ्या वर्षी पुन्हा 340 आहेतच. त्यात दरवेळी नवीन गॅस्केट (सांध्यातून धूर गळू नये म्हणून बसवतात ती चकती) लागतं. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे खालचे बोल्ट गंजून धरलेले असतात. पान्यावर जोर दिला आणि स्टड मोडला, तर मजुरीचा आकडा तिथेच बदलतो. हा हिशेब गाडीला हात लावताना कुणी सांगत नाही.

पण खरं दुखणं त्या एका दिवसानंतर सुरू होतं. उरलेले 364 दिवस तुम्ही बेकायदा गाडी चालवणार. आवाज वाढेल असा सायलेन्सरचा बदल करून गाडी रस्त्यावर वापरायला वाहनांची बांधणी आणि वापर यांच्या 1986 च्या नियमांतच बंदी आहे. आणि विमा घेताना गाडीत बदल आहेत का, हा प्रश्न तुम्हाला विचारला होता. ‘नाही’ असं उत्तर गेलं असेल तर 2012 चा ग्राहक विमा माहिती कायदा लागू होतो. चूक निष्काळजीपणाची ठरली, आणि खरं कळलं असतं तर कंपनीने जास्त हप्ता घेतला असता, तर भरपाई त्याच प्रमाणात कापता येते. हप्ता 900 ऐवजी 1,200 झाला असता असं धरा: 8,000 पौंडांच्या नुकसानीचे हाती येतील 6,000. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर पॉलिसीच रद्द, भरलेला हप्ताही परत मिळेलच असं नाही. मग पुढे प्रत्येक कंपनीला सांगत बसायचं की माझी पॉलिसी एकदा रद्द झाली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी पाइप बदलणाऱ्या माणसाला ‘मला माहीत नव्हतं’ असं कसं म्हणता येईल?

माझ्याकडे असंच एक जोडपं आलं होतं. धडक साधी होती, चूक समोरच्याची की यांची यावरच वाद. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडीखाली टॉर्च मारून फोटो काढले आणि विषयच बदलला. नवऱ्याने माझ्या टेबलावर कंपनीचं पत्र ठेवलं तेव्हा त्याचा हात थरथरत होता. ते पाहिल्यापासून मी गाडीच्या प्रत्येक प्रश्नात विम्याची कागदपत्रं आधी मागतो.

विकण्याचं सांगतो. 6,300 ला दिलीत तर 2,200 पौंडांचा फटका. गाडीच्या नंबरवरून एमओटीचा सगळा इतिहास कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येतो, म्हणून ‘आहे तशी नेऊन बघू’ हाही विचार सोडा. नापासाची नोंद कायम राहते आणि पुढचा गिऱ्हाईक तिच्यावर बोट ठेवून भाव पाडतो. कधीतरी विकायची असली तरी आधी दुरुस्त करा.

तेव्हा 1,000 पौंडांचा कॅट बसवा, बिलावर मंजुरीची खूण असलेलाच भाग आहे हे लिहून घ्या. मूळ मागचा सायलेन्सर शेडमध्ये पडलाय म्हणताय, तोही त्याच दिवशी चढवा.

पैसे आयसातून अजिबात नको. पहिलं घर, साठीनंतरचं वय किंवा जीवघेणा आजार सोडून दुसऱ्या कारणाला काढलेत की 25 टक्के कापले जातात. हातात 1,000 यायला 1,333 काढावे लागतील. सरकारी बोनस तर जातोच, वर तुमच्या स्वतःच्या प्रत्येक 800 मागे 50 जातात. तेही घराच्या डिपॉझिटचे! तुमचे 6,400 पौंड साध्या बचत खात्यात आहेत, त्यातून द्या. आईवडिलांना पाठवता ते 350 तसेच चालू ठेवा. महिन्याला 300 उरतात, म्हणजे चार महिन्यांत खड्डा भरून निघेल. तोवर नवी चाकं, नवे दिवे काही नको.

काम झालं की विमा कंपनीला ईमेल करा. आज काय बसवलंय तेही लिहा आणि आधी काय होतं तेही. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या.

तारखेचं एक. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीपर्यंत, एक दिवस कमी धरून, तपासणी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. त्यामुळे थांबू नका, कॅट बसल्याच्या आठवड्यातच वेळ घ्या. आणि त्या दिवशी घरापासून पाच मिनिटांवरच्या गॅरेजात थेट जाऊ नका. रिंग रोडला वीसेक मिनिटं गाडी चालवून मग जा, कारण थंड कॅट धूर साफ करत नाही.