गटारीचे फोटो

प्रश्न असा आहे: युरोपात राहायला गेल्यावर तिथले फोटो आणि रोजचे अनुभव सगळ्यांना पाठवत राहणं म्हणजे दाखवेगिरी का?

यांच्या नोकरीमुळे मी दोन वर्षं जर्मनीत, फ्रायबुर्गला होते. पहिल्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला, तर सांगलीहून दाजींचं उत्तर आलं, "एवढी जर्मनीला गेलीस आणि गटारीचे फोटो पाठवतीस होय गं?" त्याखाली ताईसकट नऊ जणांच्या हसून हसून रडणाऱ्या इमोजी. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

ती गटार नव्हती. तिथल्या जुन्या शहरात रस्त्याच्या कडेनं दगडी पाट वाहतात, त्यांना बेश्ले म्हणतात. पाणी द्रायझाम नदीचं. मध्ययुगात ते आग विझवायला आणि जनावरांना पाजायला वापरत. आता पोरं त्यात दोरीला बांधलेल्या लाकडी होड्या ओढत फिरतात. चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं म्हणे. माझा दोनदा पडला, यांना सांगितलं नाही.

एकदा पिवळे गमबूट घातलेला एक मुलगा अडकलेली होडी काठीनं सोडवत होता. मी पटकन फोटो काढला. त्याची आई आली, आवाज न चढवता म्हणाली, डिलीट करा. केला. मग तिनं फोनकडे बोट दाखवलं, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढायला लावला. कान तापले माझे. ओळखू येईल अशा माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय पसरवायचा नाही, हा कायदा तिथे १९०७ पासून आहे. आपण इथे शेजाऱ्यांच्या बाळाचा फोटो डीपीला लावतो.

त्यानंतर मी माणसं सोडून उरलेलं टिपू लागले. रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुपरमार्केटमधलं रिकाम्या बाटल्या गिळणारं मशीन: सात प्लास्टिकच्या बाटल्या, प्रत्येकीचे २५ सेंट, पावणेदोन युरोची चिठ्ठी. तिचाही फोटो पाठवला. दाजी म्हणाले, "भंगारवाला झालीस काय?"

माझं मत विचाराल तर दाखवेगिरी ती नव्हे. दहा दिवसांत सहा देश करून यायचं, प्रत्येक फोटोत तेच लाल जॅकेट आणि तोच गॉगल, मागे काय आहे ते विचारलं की "ते काय, तिकडचंच काहीतरी", ही दाखवेगिरी. (कोणाबद्दल बोलतेय ते घरच्यांना कळेल.) तुम्ही बिनधास्त पाठवा, फक्त खाली दोन ओळी लिहा. नुसता फोटो टाकला तर पाटाची गटार होते, हे मी भोगलंय.

अर्थात आईला माझे पाट, चिठ्ठ्या काही नको होतं. "तुझं तोंड दिसू दे एखाद्या फोटोत, वाळलीस का ते बघायचंय," एवढंच तिचं म्हणणं. तेव्हा आयांसाठी सेल्फी माफ. आणि तो कायदा सरसकट नाही, मिरवणुकीतली गर्दी किंवा देखाव्यात आपसूक आलेली माणसं चालतात.

दाजी, वाचत असाल तर: तुमच्या लाल जॅकेटमागचा तो छपराचा लाकडी पूल व्हेनिसचा नाही, स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचा आहे.